घोड्याचं विचारणारे सर

भुवई न हलवता "घोड्याचं मांस खाल का?" असं अनोळखी माणसाला विचारू शकणारी माणसं पुण्यात फार तर दोन असतील. एक आमचे सर. दुसरा मी, आणि मला ते जमायला आठ दिवस आणि एक आरसा लागला.

आरसा ऑफिसचा होता. हडपसरला, टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. लोकांच्या घरी जायचं, ते कुठला साबण लावतात, कुठलं बिस्किट चहात बुडवतात हे विचारायचं, फॉर्म भरायचे आणि त्याचा अहवाल कंपन्यांना द्यायचा, हा आमचा धंदा. आम्ही जे दारोदार फिरायचो, त्यांचे प्रमुख म्हणजे सर. पंचावन्नच्या आसपासचे, अंगानं बारीक. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात तीन पेनं: निळं लिहायला, लाल खोडायला, आणि तिसरं कोणी पेन मागितलं तर द्यायला. ते तिसरं कधीच उमटत नसे.

नवा माणूस कामाला लागला की सर त्याला मोरीशेजारच्या आरशासमोर उभं करत आणि एक प्रश्न म्हणायला लावत. "घोड्याचं मांस बाजारात स्वच्छ, रीतसर परवानगीनं आणि परवडेल अशा दरात मिळू लागलं, तर तुम्ही खाल का?" शेजारी स्वतः उभे राहून आरशात आमच्या भुवया बघत. भुवई हलली की म्हणत, "पुन्हा." हसू आलं की म्हणत, "खाली जा. वॉचमनला दहा वेळा विचारून ये." खालच्या वॉचमनला हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारला होता की जिन्यावर पावलं वाजली की तो वर न बघताच म्हणे, "नाही खात. पुढचं विचारा."

तर हा प्रश्न सरांनी बिस्किटांच्या फॉर्ममध्ये घातला होता, मसाल्यांच्या घातला होता, चहाच्याही. कायम शेवटचा. कंपन्यांना वाटे टायपिंगची चूक आहे. सर म्हणत, "असू दे, चूक पण भरून येऊ दे." त्याला पाच पर्याय होते: नक्की खाईन, खाऊन बघेन, सांगता येत नाही, नाही, कधीच नाही. त्याखाली एक रिकामी ओळ. तिच्यावर लिहिलेलं असे, "ते नेमकं काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत." सर पर्याय बघतसुद्धा नसत. ती एक ओळ वाचत.

आणि काय एकेक ओळी असत. हिंजवडीच्या एका संगणकवाल्याने विचारलं होतं, "शंभर ग्रॅमला प्रोटीन किती?" पेठेतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले होते, "आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा नसतो. पण प्रश्न पुन्हा विचारा, अर्धाच ऐकू आला." एका बाईंचं म्हणणं, "भांडी वेगळी ठेवावी लागतील का?" आणि सगळ्यांत जास्त माणसं म्हणत, "शेजारचे खातात का?"

"बघ," सर म्हणत, "खऱ्या माणसाला घोड्याचं विचारलं की तो आपल्यालाच उलट विचारतो. दर काय, शिजतं कसं, कोण कोण खातं. थेट उत्तर देतो तो एक तर घाईत असतो, नाही तर खोटा असतो."

त्यांचे बाकीचे नियमही असेच. डबा सगळ्यांनी एकत्र खायचा, पण "काय आणलंय?" हे विचारायला सक्त बंदी. झाकण उघडल्यावर दिसेल ते दिसेल. एकदा एका मुलीनं वास घेऊन "बोंबील का?" असं सहज विचारलं, तर सरांनी तिला दिवसभर घोड्याचा प्रश्न घेऊन आरशासमोर उभं ठेवलं. दुसरं म्हणजे सर आम्हाला अरे-तुरे करत, पण रागावले की "आपण" वर येत. "आपण आलात का?" असं त्यांनी विचारलं की समजावं, आपण गेलो.

मी तेव्हा पस्तिशीत होतो आणि स्वतःला नाटककार समजत होतो. दोन वर्षांत दोन नोकऱ्या तालमींच्या पायी गेल्या होत्या. ही तिसरी. पहिल्या दिवशी डबा हातात देताना बायको फक्त दोन शब्द बोलली होती, "ही टिकव." तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

आणि मग सरांच्या आयुष्यातलं सोन्याचं काम आलं.

गोठवलेल्या खिम्याची पाकिटं विकणारी एक कंपनी होती. लोकांच्या फोनवर अफवा फिरायला लागली की पाकिटातल्या खिम्यात घोडा मिसळतात. तसं काही नव्हतं, पण लोक पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून परत ठेवायला लागले. कंपनीला जाणून घ्यायचं होतं, लोकांना नेमकी कशाची भीती वाटते. म्हणजे ज्या प्रश्नाला जग टायपिंगची चूक समजत होतं, तो विचारण्यासाठी एक कंपनी आपल्या पायांनी जिना चढून वर आली होती. सरांनी त्या दिवशी शर्टाला चौथं पेन लावलं.

तीनशे घरं ठरली. ठरली म्हणजे ऑफिसनेच यादी केली, गल्ली आणि घर क्रमांकासकट. घर बंद असलं तर तीनदा जायचं; शेजारचं घर घ्यायचं नाही. माझ्या वाट्याला हडपसर आणि मांजरीची चाळीस घरं आली. अठ्ठावीस मी इमानानं केली. शेवटची बारा मांजरीची राहिली आणि त्याच दोन दिवसांत माझ्या एकांकिकेच्या रंगीत तालमी आल्या.

मी मांजरीला गेलो नाही. विंगेत बसून बारा माणसं लिहिली. आता खरं सांगायचं तर मजा आली. पत्ते तयार होते, माणसं मी दिली. एक निवृत्त मास्तर घेतले. त्यांच्या तोंडी घातलं, "ज्या पाठीने इतिहास वाहिला, ती मी ताटात कशी घेऊ?" एका गृहिणीला म्हणायला लावलं, "घोड्याच्या डोळ्यांत एकदा बघितलेल्या माणसाला पुन्हा भूक लागत नाही." एका घराला वयस्कर, हळवे गृहस्थ हवे होते. ते म्हणाले, "घोडा मी फक्त चित्रात पाहिला. तो तिथंच राहू द्या." हे वाक्य मी विंगेतल्या दोघांना वाचून दाखवलं. त्यांनी दाद दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म दिले. कंपनीसमोर अहवाल मांडायचा होता त्याच्या पुढच्या सकाळी दहाला. सर माझा गठ्ठा घेऊन बसले. शेवटच्या बारांपाशी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"हे मास्तर मांजरीला भेटले?"

"हो सर."

"काय शिकवायचे?"

"इतिहास."

"या बाई?"

मी फॉर्मची कड सरळ करायला लागलो.

"त्याही इतिहासच शिकवत असणार." सरांनी बाराही फॉर्म पत्त्यांसारखे टेबलावर पसरले. "बारा माणसं. सगळी एकाच नाटकातली. फार छान बोलतात. एकानेही दर विचारला नाही. मांजरीत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आपण मांजरीला गेला होतात का?"

"आपण" ऐकलं आणि मला बायकोचे दोन शब्द आठवले. खोटं बोलायला अजून जागा होती. पण सरांची भुवई हललेली नव्हती, आणि अशा चेहऱ्यासमोर माझं नाटक कधीच चालत नसे.

"नाही सर."

"चला."

मला वाटलं ऑफिसच्या मालकांकडे. सर जिना उतरून स्कूटरपाशी गेले आणि बारा कोरे फॉर्म माझ्या हातात दिले. "मी विचारतो. आपण लिहा. ते बोलतील तेच."

त्या दिवशी मी सरांना काम करताना पहिल्यांदा बघितलं. ते दारात उभे राहत, चपला काढून हातभर मागे सरकत, म्हणजे समोरच्याला दार लावून घेणं सोपं जावं. दार लावून घेणं सोपं असलं की कोणी लावत नाही, असं त्यांचं निरीक्षण. आणि मग बिस्किटाबद्दल विचारावं तसं घोड्याबद्दल विचारत.

माझ्या मास्तरांच्या घरात एक बाई निघाल्या, पीठ मळत होत्या. प्रश्न ऐकून हात थांबवले. "शिट्ट्या किती?"

"माहीत नाही," सर म्हणाले.

"मग कसं सांगू? मटणाला सहा लागतात. घोडा तर पळणारा. दहा तरी लागतील. गॅस कोण भरणार?" मग विचार करून म्हणाल्या, "लिहा, नाही. गॅसमुळं."

डोळ्यांत बघणाऱ्या माझ्या गृहिणीचा पत्ता नव्या सोसायटीतला होता. तिथं तरुण नवरा-बायको. नवरा म्हणाला, "मला चालेल, पण सोसायटीला चालेल का?" बायको म्हणाली, "सोसायटीचं काय विचारतोस? माझं विचार." त्यांचं भांडण जुंपलं. सरांनी "सांगता येत नाही"वर खूण करायला लावली आणि खाली दोघांची वाक्यं लिहायला लावली.

आणि मग आलं ते घर. घोडा फक्त चित्रात पाहिलेल्या माझ्या हळव्या गृहस्थांचं घर.

दारातच घोडी बांधलेली होती. पांढरी. गळ्यात लग्नातली मण्यांची माळ अजून तशीच. आमच्याकडे बघून तिनं कान हलवले. सरांनी माझा खोटा फॉर्म खिशातून काढला, त्यावरचं वाक्य वाचलं, घोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. फॉर्म घडी करून परत खिशात. मला त्यापेक्षा थोबाडीत चालली असती.

घोडीचे मालक बाहेर आले. लग्नांना घोडी देण्याचा धंदा. हातात चाऱ्याची पेंढी. मी मनात म्हटलं, इथं तरी सर हा प्रश्न गाळतील. सरांनी चपला काढल्या, हातभर मागे सरकले आणि अख्खा प्रश्न विचारला. स्वच्छ, रीतसर परवानगीनं, परवडेल अशा दरात.

मालकांनी घोडीकडे पाहिलं. पेंढी खाली ठेवली. "हिच्याम्होरं नका इचारू. तिकडं चला."

आम्ही तिघं घराच्या मागं गेलो. तिथं त्यांनी मागं वळून बघितलं, घोडी दिसत नाही याची खात्री केली.

"आता इचारा."

सरांनी पुन्हा विचारलं.

"नाय," मालक म्हणाले. मग थोडं थांबून, "पण कुणी खात आसंल तर त्याला आपलं काय म्हणणं नाय. फकस्त आपल्याला सांगून करावं. न्हायतर हितनं घोडी घिऊन जायची लग्नाला म्हणून, आन् काय करत्यात कुणाला ठावं?"

मी लिहीत होतो. सर हळूच म्हणाले, "आधी बाजूला नेलं, मग नाही म्हणाले. हेही लिही." लिही म्हणाले. लिहा नाही. त्या एका अक्षरानं माझा जीव थोडा भांड्यात पडला.

अकरा घरं झाली. बारावं बंद. कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, गावाला गेलेत, आठ दिवस येत नाहीत. मग म्हणाल्या, "माझं लिहा की. काय विचारायचंय?"

"तुमचं घर यादीत नाही," सर म्हणाले.

"यादीत नाही म्हणजे? मी काय माणूस नाही?"

"माणूस आहात. यादीत नाही."

परतताना टपरीवर चहा घेतला. मी म्हटलं, "सर, बारावा तुमचाच भरू या. तुम्हीही पुण्याचेच ग्राहक."

"मी नोकर आहे ऑफिसचा. चालत नाही." मग कप फिरवत म्हणाले, "घोडाच का, ते कधी विचारलं नाहीस."

"का सर?"

"मी नोकरीला लागलो तेव्हा पेठांतून खोली बघत फिरलो. आडनाव सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, खाण्यापिण्याचं काय? आम्ही बौद्ध. माझे वडील पोस्टात होते, आई शाळेत. पण प्रश्न एकच. खरं सांगितलं तर खोली नाही, आणि खोटं बोललो तर माझं अंडंसुद्धा चोरीचं. तेव्हा कळलं, ताटाबद्दल कुणी विचारलं की माणूस आधी विचारणाऱ्याचं आडनाव बघतो. गाय म्हण, डुक्कर म्हण, मासे म्हण, जो तो आपापल्या जागी उभा राहून उत्तर देतो. घोड्याला इथं जागाच नाही. कोणी खात नाही, कोणाच्या जातीचा नाही. त्यामुळे घोड्याचं विचारलं की माणूस क्षणभर गोंधळतो. त्या गोंधळात खरं बोलतो." त्यांनी चहा संपवला. "आणि आपण त्याच जागी नाटक लिहिलंत."

पुन्हा "आपण". मी मान खाली घातली.

पुढच्या सकाळी कंपनीच्या साहेबांसमोर अहवाल मांडला. सरांनी पहिलंच वाक्य म्हटलं, "तीनशे सांगितले होते, दोनशे नव्व्याण्णव आहेत." मग निष्कर्ष वाचला. बहुतेकांना घोड्याचं फारसं काही नाही. खाणार नाहीत, पण किळसही नाही. राग आहे तो न सांगता वाढल्याचा. पाकिटावर जे लिहिलंय तेच आत असेल का, एवढीच त्यांची भीती.

साहेब हुशार होते, पण घाईत होते. म्हणाले, "ते ठीक. पण तीनशे लिहा ना. एकाने काय फरक पडतो?"

सर खुर्चीत जरा पुढे सरकले. "तुमच्या खिम्यात एका पाकिटात घोडा निघाला, तर काय फरक पडतो?"

साहेबांनी दोनशे नव्व्याण्णव लिहून घेतलं. मी कोपऱ्यात बसून माझ्या बुटांकडे बघत होतो. घोडा मिसळलेली माझी बारा पाकिटं सरांनी एका दुपारीत गुपचूप परत घेतली होती आणि त्यांच्यावर माझं नाव लावलं नव्हतं.

मला काढलं नाही. फॉर्म मात्र काढून घेतले. एक वर्ष दुसऱ्यांचे फॉर्म तपासायचे, खोट्या माणसांना शोधायचं काम. सर म्हणाले, "नाटकातली माणसं तुला ओळखता येतील." आली. आजही येतात. छान बोलणारा माणूस दिसला की मी त्याच्या घरी जाऊन येतो, आणि बहुतेक वेळा तिथं कोणीतरी पीठ मळत असतं.

सर निवृत्त झाले. ऑफिस हिंजवडीला काचेच्या इमारतीत गेलं. फॉर्म टॅबवर आले, आणि टॅबवर शेवटची रिकामी ओळ नसते. घोडाही गेला. बारावा कोरा फॉर्म मात्र माझ्याकडे राहिला होता, कडा पिवळ्या पडलेला.

गेल्या वर्षी एका रविवारी तो घेऊन सरांच्या घरी गेलो. हडपसरलाच राहतात. कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती, खिशात अजून तीन पेनं. काकू आत स्वयंपाकघरात होत्या. मी चपला काढल्या, बसलो नाही, हातभर मागे सरकून उभा राहिलो.

"हे काय?" सर म्हणाले.

"बारावं घर, सर."

"मी यादीत नाही."

"यादी आता मी करतो."

सरांनी चष्मा लावला. "पर्याय वाचून दाखव."

मी प्रश्न अख्खा विचारला, पाचही पर्याय वाचले. सर खिडकीकडे बघत सावकाश म्हणाले, "लिही. ज्याने मला काही न विचारता पानावर बसवलं, त्याच्या पानात काय आहे ते मीही विचारणार नाही."

मी लिहायला पेन टेकवलं, आणि उचललं.

"सर," मी म्हटलं, "हा माणूस फार छान बोलतो."

सरांनी माझ्याकडे बघितलं. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तुम्हाला मटण चावत नाही, घोडा काय चावताय? आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या."

सरांनी जीभ एका दाढेवरून फिरवून बघितली. मग अगदी हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही असं मला विचारलं, "खिमा करून मिळतो का?"

मी ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

"भुवई हलली," सर म्हणाले. "पुन्हा."